विमान अलगद टेकवलं तेव्हा

वर्ध्याच्या वीज कार्यालयात मी तक्रारींचे फोन घ्यायचे. दोन हजारनंतरची, भारनियमनाची वर्षं ती. लाईट गावातली जायची आणि शिव्या माझ्या कानात यायच्या. पुढे पुढे घरचा फोन वाजला तरी मी आतल्या खोलीत निघून जायचे. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि म्हणाले, "डोकं दुसऱ्या कशात तरी गुंतवा."

वर्ध्यालगत बोरगाव मेघेला आमच्या शेजारच्या वहिनी घरातच कॉम्प्युटरचे क्लास घ्यायच्या. एका संध्याकाळी त्यांनी मला ओढूनच नेलं. पडदे लावले, कानांवर हेडफोन चढवले, हातात जॉयस्टिक दिली. विमान चालवायचा खेळ होता.

"मले स्कूटी येत नाई, वहिनी."

"म्हणूनच तं. इथं पडलं तरी लागत नाई."

पहिल्यांदा समुद्रात पडले, मग डोंगरावर आदळले. पण तेवढा वेळ इंजिनाच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही. ढगांच्या वर ऊन पसरलं होतं आणि तिथे मला कोणी जाब विचारत नव्हतं. मी रोज जाऊ लागले. विमान डगमगलं की मी जॉयस्टिक आवळायचे, मग ते जास्तच डगमगायचं.

"काऊन एवढी आवळून राह्यली?" वहिनी मागून म्हणायच्या. "हात ढिला सोड."

एके दिवशी विमान धावपट्टीवर अलगद टेकलं. मी उठून वहिनींना मिठीच मारली.

त्याच हिवाळ्यात पवनारकडचे शेतकरी थेट ऑफिसात आले. गहू ओंबीवर, आणि पंप बंद. एरवी मी आतल्या खोलीत पळाले असते. त्या दिवशी हात ढिले सोडले, श्वास घेतला आणि पुढच्या काकांना विचारलं, "काका, लाईन कधीपासून बंद हाये?"

"तुमाले सांगून फायदा काय?"

"सांगा तं खरं. सारं ऐकल्याशिवाय मी उठत नाई."

ते बोलत गेले, तसा त्यांचा आवाज उतरला. माझा चढलाच नव्हता. बोलता बोलता कळलं, भारनियमनाची वेळ संपल्यावरही फक्त त्यांच्याच डीपीवर, म्हणजे शेताकडच्या ट्रान्सफॉर्मरवर, लाईट येत नव्हती. मी लगेच लाईनमन धाडला. संध्याकाळी त्याच काकांचा फोन आला, "बाई, पाणी सुरू झालं." चांगली बातमी द्यायला कोणी फोन केल्याची माझ्या नोकरीतली ती पहिलीच वेळ.

हे सारं पाहणाऱ्या आमच्या साहेबांनी विचारलं, "एवढं शांत राहायला कोणती गोळी घेता हो?"

रविवारी त्यांना आणि ऑफिसातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन मी वहिनींकडे गेले. साहेबांनी विमान सरळ समुद्रात घातलं आणि पोट धरून हसत सुटले. त्यांना असं हसताना आम्ही कधीच पाहिलं नव्हतं.