तलासरीच्या वाऱ्याचा पतंग

आमची कंपनी उत्तरेकडच्या बेस कॅम्पवर पोचली तेव्हा माझ्या किटबॅगच्या तळाशी एक पतंग होता. मी तेव्हा प्लाटून हवालदार होतो. पतंग दोन दोऱ्यांचा, कार्बनच्या काड्यांचा, ज्याला स्टंट काइट म्हणतात तो. दोन्ही हातांत एकेक पट्टा धरायचा. उजवा ओढला की पतंग उजवीकडे वळतो, डावा ओढला की डावीकडे. सुट्टीत दमणच्या किनाऱ्यावर एका हौशी माणसाकडून मी तो विकत घेतला आणि आमच्या गावी, नरपडला, सुरूच्या झाडांपुढच्या वाळूत उडवायला शिकलो.

पुढच्या पोस्टवर तो उडवायला कोणीच परवानगी दिली नसती. बेस कॅम्पवर मात्र रविवारी दुपारी, कपडे धुऊन झाल्यावर, सुभेदारसाहेब तासभर चालवून घेत.

नाईक रमण माझ्याच प्लाटूनचा, तलासरीजवळच्या पाड्यावरचा. घरापासून इतक्या लांब एकाच जिल्ह्यातले आम्ही दोघेच. ड्यूटीवर तो मला हवालदारसाहेब म्हणायचा, ड्यूटीबाहेर दादा. यात त्याची कधी गल्लत झाली नाही.

संक्रांतीला गुजरातच्या हद्दीवर पेच लढवत वाढलेला माणूस. पतंगाच्या कण्णीला तो किन्नाच म्हणायचा. पहिल्या दिवशी पट्टे हातात दिले तर फिरकी शोधायला लागला. या पतंगाची दोरी ठरलेल्या लांबीची असते, ढील देता येत नाही, हे त्याला पटेना. तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला. त्याचे हात ढील द्यायला गेले आणि देता येईना, म्हणून तो सरळ पतंगाच्या दिशेने धावला. ताण उतरला, पतंग वाचला.

"दोरी सोडता येत नाही तर पाय सोडायचे, दादा," तो म्हणाला. ही युक्ती मला नरपडला कधी सुचली नव्हती.

त्या उंचीवर हवा विरळ. वारा कानात घोंगावायचा, तरी पतंग जड वाटायचा. त्यावरून दुसरा पतंग घ्यायची गोष्ट निघाली आणि कोणता घ्यायचा यावरून आमचं भांडण सुरू झालं. मला जोराच्या वाऱ्याचा हवा होता, कापडात जाळी असलेला. जाळीतून वारा निघून जातो, काड्या वाकत नाहीत, हात खांद्यातून निखळत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत नरपडला दुपारनंतर समुद्रावरून जो वारा सुटतो, त्यात पहिला पतंग पिशवीतून काढायचीही सोय नसते. रमणला अगदी हलका हवा होता, बारीक काड्यांचा, पातळ कापडाचा.

"तुमच्याकडचा वारा सरकारी नोकर आहे," तो म्हणायचा. "जेवून वेळेवर हजर. आमच्याकडं तो मजुरीला येतो. आला तर आला."

"मग किनाऱ्यावर ये."

"मी येईन. बायकोला घरामागं उडवून दाखवायचाय, त्याचं काय?"

शेवटी जाळीचाच घ्यायचा, असं मी जाहीर केलं. तो "येस, हवालदारसाहेब" म्हणाला. ड्यूटीबाहेर तो असं फक्त चिडल्यावर म्हणायचा.

मार्चमध्ये आम्ही पुढच्या पोस्टवर होतो. सकाळी सहाला पाच जणांची लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टमधली गस्त, खालच्या पोस्टकडे निघाली. कमांडर रमण. डिटेल, म्हणजे कोणी जायचं ती यादी, मी लावली होती. पाळी त्याचीच होती, हवामानाचा इशाराही नव्हता. रेडिओवर मी होतो. सव्वासातला त्याचा आवाज आला.

"चार्ली टू, चार्ली वन के लिए. नाले पर पहुँचे. एक-एक करके पार करेंगे. ओवर."

"चार्ली वन, रॉजर. आखिर में कौन? ओवर."

"मैं. ओवर."

पुढचा कॉल दुसऱ्याच आवाजात आला. वरून बर्फ सुटला होता. चौघे पलीकडे पोचले होते. आम्ही दोरखंड आणि फावडी घेऊन उतरलो. दुपारी रमण सापडला. डॉक्टरांनी प्रयत्न केले, उपयोग झाला नाही.

कमांडरने शेवटी पार व्हायचं असतं. त्याने तेच केलं. चौकशीत कोणाचीही चूक निघाली नाही. तरी डिटेल वाचताना त्याचं नाव माझ्याच तोंडून गेलं होतं, ते माझ्या मनातून जात नाही.

निवृत्तीनंतर मी नरपडला आलो. थोडी चिकूची झाडं आहेत, डहाणूला सुरक्षेची नोकरी आहे. दर मार्चला तलासरीला जातो. रमणची बायको, सुनंदावहिनी, अंगणवाडीत काम करतात. त्या चहा करतात, मी खाटेवर ताठ बसतो आणि त्या सकाळची हकीगत सांगतो. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं म्हणून सांगितली. पुढे न विचारताही सांगत राहिलो. नाही सांगितली तर काही लपवल्यासारखं वाटायचं.

या वर्षी जायच्या थोडं आधी मी मुंबईच्या एका विक्रेत्याकडे जाळीचा पतंग सांगून ठेवला. त्याने सल्ला चांगला दिला. दुसरा पतंग पहिल्याच्या जातीचा घेऊ नका, म्हणाला. पहिला जिथे हात टेकतो, तिथे चालणारा घ्या. तुमच्याकडे वारा कमी पडतो की जास्त होतो? मी जास्त म्हणालो. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त नरपड होतं.

वहिनींनी मागच्या खेपेला सांगितलं होतं, हे फोनवर त्या दोन दोऱ्यांच्या पतंगाबद्दल बोलायचे, एकदा आणा. म्हणून पहिला पतंग बरोबर नेला. घरामागे भात कापलेलं रिकामं शेत. ताडाचं पानही हलत नव्हतं. मी मागे चालत गेलो, पळत गेलो, बांधाला अडखळून बसलो. पतंग डोक्याएवढा वर यायचा आणि नाकावर आपटायचा. शेजारची एक बाई म्हणाली, फौजेत हेच शिकवतात का. रमणची आई पायरीवर बसली होती, तीही पदराआड हसली.

घाम पुसून मी खाटेवर बसलो आणि सवयीने सुरुवात केली. सकाळी सहाला पेट्रोल निघाली.

वहिनींनी कप खाली ठेवला. "भावजी, तो दिवस मला पाठ आहे. इतकी वर्षं तुम्ही तेवढा एकच दिवस घेऊन येता."

मी पतंगाच्या दोऱ्या गुंडाळायला लागलो.

"बाकीचे दिवस कुठं आहेत? ते सगळे तुमच्याकडंच आहेत. माझ्या वाट्याला नुसत्या सुट्ट्या आल्या."

बस महामार्गाला लागायच्या आत मी विक्रेत्याला फोन केला. जाळीचा नको, अगदी कमी वाऱ्याचा द्या. तो म्हणाला, साहेब, किनाऱ्यावर हा मोडेल. मी म्हणालो, किनाऱ्यावर नेणार नाही. खरं लिहायचं तर जाळीचा मला अजूनही हवा आहे. पण तो माझ्यासाठी होता, आणि रमणसाठी घेतोय असं मी स्वतःला सांगत होतो.

एप्रिलमध्ये एका दुपारी, ऊन कलल्यावर, आम्ही त्याच शेतात उभे राहिलो. मी मूठभर भुसा सोडून पाहिला. तो जरासा तिरका पडला. तेवढा वारा पुरला. वहिनींनी पतंग धरला, मी दोन पावलं मागे सरलो आणि तो त्यांच्या हातातून सावकाश, आवाज न करता वर गेला. मी त्याला एक गोल फिरवला.

"पडतोय का तो?" आईने विचारलं.

"नाही आई, फिरतोय."

शेजारची बाई म्हणाली, आता फौजीचा पगार वाढवा.

मग वहिनींनी पदर खोचला आणि पट्टे घेतले. पहिल्यांदा त्यांनी दोन्ही हात एकदम ओढले, नंतर सांगावं लागलं नाही. पतंग ताडांच्या बाजूला गेला, वळला, परत आला. वर बघतच त्या म्हणाल्या, "आता सांगा."

मी सांगू लागलो. रमण पहाटे स्टोव्ह पेटवायचा तो आधी स्वतःचे मोजे शेकायला, चहा त्यानंतर. पत्त्यांत हरला की पत्ते दमट आहेत म्हणायचा. सुट्टीहून येताना सुके बोंबील आणायचा, अख्ख्या बंकरला वास. सुभेदारसाहेबांनी बोंबील बाहेर काढायची ऑर्डर दिली. संध्याकाळी तेच ताटली घेऊन आले, आणि रमणने त्यांना सांगितलं, साहेब, बोंबील बाहेर गेलेत, ऑर्डर आहे.

वहिनींना हसू आवरेना. त्यांचे हात हलले आणि पतंग शेताच्या पार टोकाला जाऊन पडला.

"जा, उभा करा," त्या म्हणाल्या. "आणि थांबू नका, सांगत राहा."

मी ढेकळांतून पतंगाकडे चालत गेलो. त्यांना ऐकू जावं म्हणून, सुभेदारसाहेब त्यावर काय म्हणाले ते मोठ्याने सांगत.