आठ दाबांचा दस्ता

जाफर शिकलगाराच्या घरात तीन पिढ्या धार लावायचं काम चालत आलेलं. आजानं तलवारींना धार लावली, बापानं कात्र्या-वस्तऱ्यांना. जाफरचा हात मात्र लोखंडापेक्षा लाकडावर बसला. साताऱ्यात पेन्शनीत निघालेले फौजी पुष्कळ. कुणाकडं बारा बोअरची, कुणाकडं ठासणीची, अशी परवान्याची बंदूक घरोघर टांगलेली असायची. तिचा खांद्याला लावायचा लाकडी दस्ता उकलला, हलायला लागला, की माणसं गुरुवार पेठेतल्या जाफरच्या दुकानाची पायरी चढायची. जाफर आधी बंदूक हातात घेऊन नुसता उभा राहायचा. तिचा तोल कुठं पडतो ते बघायचा, मग पटाशीला हात घालायचा.

नाथाजी काटकर हा त्याचा जुना दोस्त. माण तालुक्यातला. शिकायला म्हणून साताऱ्यात आला तेव्हा शिकलगारांच्या शेजारच्या खोलीत राहिला होता, तेव्हापासूनची गाठ. पुढं तो पलटणीत गेला आणि हत्यारखान्यात मिस्त्री झाला. बासष्टला चीनच्या लढाईत नेफाच्या बर्फात त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली. पदक घेऊन, लंगडत तो घरी आला. बूट घातला की पाय आत सरकायचा आणि गडी तोल जाऊन पडायचा. जाफरनं चार दिवस खपून बुटात बसेल असा शिवणीच्या हलक्या लाकडाचा तुकडा कोरून दिला. त्यावर नाथाजी न पडता चालायला लागला आणि पोवई नाक्याच्या बाजूला लेथ टाकून बसला.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात नाथाजी एक मोडकी बंदूक घेऊन आला. एक परदेशी पाद्री मायदेशी परतताना ती त्याला देऊन गेला होता. हवेवर चालणारी, छऱ्याचीच, पण नेहमीची नव्हे. नेहमीच्या हवेच्या बंदुकीची नळी एकदा मोडून मिटवली की झालं. हिच्या नळीखाली एक दांडी होती, दांडीला लाकडी मूठ. ती खाली ओढायची, परत वर दाबायची, की आत हवा भरायची. दोन दाबांत छर्रा पत्र्यावर नुसता टिचकी मारायचा, आठ दाबांत फळी फोडून जायचा. परवाना लागत नव्हता. लढाईनंतर जागोजागी नेमबाजीचे वर्ग निघत होते आणि अशी बंदूक कुणी करून दिली तर हातोहात जाईल, असं नाथाजीचं म्हणणं. लोखंड तो करणार होता. दस्ता जाफरनं करायचा.

जाफरनं त्या परदेशी बंदुकीचा तुटलेला दस्ता तीन दिवस समोर ठेवला. तुटला होता तो मानेत, म्हणजे चापाच्या मागं, जिथं तळहात धरतो तिथं. त्याच्या ध्यानात आलं की इतर बंदुकांच्या दस्त्याला धक्का बसतो तो बार उडाल्यावर, एकदाच. हिच्या दस्त्याला बार उडायच्या आधीच आठ वेळा पीळ बसतो. एक हात मान धरून असतो, दुसरा दांडी रेटतो, आणि शेवटचे दोन-तीन दाब असे जड, की माणूस सगळं अंग त्यावर टाकतो. मानेतल्या लाकडाच्या शिरा जरा तिरक्या असल्या, तर कधी ना कधी ती तडकणारच.

पहिला दस्ता त्यानं सागाचा केला. तो चाळिसाव्या दिवशी चिरला. दुसरा शिसवीचा केला. तो दगडासारखा टिकला, पण बंदूक इतकी जड झाली की शाळकरी पोरींना खांद्याला लावून धरवेना. मग त्यानं शिसवीच्या दस्त्याला मागून, टाचेच्या लोखंडी पट्टीखाली, खोल भोक पाडून वजन काढलं. मान दोन दोरे, म्हणजे पाव इंच, जास्त जाड ठेवली, पण तिला अंड्यासारखा घाट दिला, म्हणजे लहान तळव्यातही ती मावावी. तोल डाव्या हाताच्या तळव्यावर येऊन थांबला. हे जमायला आठ महिने गेले. मग त्यानं त्या घाटाचा पातळ पत्र्याचा फर्मा कापला आणि भिंतीवर टांगला.

नाथाजीला त्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. दस्ता शिसवीचाच पाहिजे आणि शिरा मानेतनं सरळ गेल्या पाहिजेत. आंब्याचं लाकूड वापरलं तर पन्नास-साठ दिवस काही होणार नाही. मग दांडी दाबताना मान मोडेल, बंदूक उलटेल आणि दाबणाराची बोटं दांडीत सापडतील. नाथाजी मान डोलवायचा.

साताऱ्याच्या वर्गाला त्यांनी सहा बंदुका दिल्या. वर्ष होत आलं तरी एकही तक्रार आली नाही. दोघंही खुशीत होते. जाफरची बायको जैनब ईदला नाथाजीचं ताट आधी वाढायची.

पासष्टच्या सुरुवातीला नाथाजीनं सांगितलं की नळीचा पाइप मिळेना, आता काही दिवस काम बंद. एका जुन्या बंदुकीची दुरुस्ती आहे म्हणून तो भिंतीवरचा फर्मा एका दिवसासाठी घेऊन गेला. परत आणून दिलाही दुसऱ्याच दिवशी. जाफरनं तो टांगला आणि विसरला.

चैत्रात सांगलीहून जाफरच्या नावानं पत्र आलं. तिथल्या नेमबाजीच्या वर्गाचे प्रमुख आण्णा शेटे यांनी त्याला बोलावलं होतं. कारण लिहिलं नव्हतं. नवं काम असेल म्हणून जाफर धुतलेला सदरा घालून एसटीनं सांगलीला गेला.

वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. टेबलावर बंदुका ओळीनं मांडलेल्या होत्या, दहा-बारा तरी असतील. जाफरची नजर दस्त्यांवर गेली आणि क्षणभर त्याला बरंच वाटलं. घाट त्याचाच होता. तीच मान, तोच टाचेचा उतार. आपण तर एवढ्या केल्याच नाहीत, हे त्याच्या डोक्यात मागनं आलं. शेवटची बंदूक मानेत मोडून दोन तुकडे झालेली होती. खुर्चीवर सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी बसली होती, उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत. आणि भिंतीला टेकून, पदक लावलेल्या कोटात, नाथाजी उभा होता. त्यानं जाफरकडं बघितलं नाही.

आण्णा शेटे शाळेत शिकवणारे, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी सांगितलं की ही विजयमाला, माधवनगरच्या गिरणीतल्या एका कामगाराची मुलगी, वर्गातली सगळ्यात चांगली नेमबाज. सातवा दाब देताना दस्ता मोडला, मान धरलेला उजवा हात पुढं सटकला आणि हिची दोन बोटं दांडीत चिरडली. डॉक्टर म्हणतात, चापावरचं बोट पुन्हा वाकणार नाही. मग त्यांनी नाथाजीकडं वळून विचारलं, दस्ते कुणी केले?

"दस्ते यांचेच," नाथाजी म्हणाला. "लोखंड माझं, लाकूड जाफरचं. साताऱ्यात कुणालाबी इचारा."

जाफरनं तुटलेला तुकडा उचलला. वरनं काळपट पॉलिश, आत पिवळट, भुसभुशीत आंबा. शिरा मानेतनं आडव्या गेलेल्या. तो म्हणाला की हे लाकूड माझं नव्हे, मी आंब्याला हात लावत नाही. मग कनवटीचा पेचकस काढून त्यानं दुसऱ्या एका बंदुकीच्या टाचेच्या पट्टीचे स्क्रू सोडवले. माझ्या दस्त्याला इथं आत भोक असतं, त्यानं दाखवलं. हा भरीव आहे. हा माझा नाही.

आण्णांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, याचा अर्थ एवढाच की या वेळी तुम्ही काम उरकलंत.

जाफरनं नाथाजीकडं बघितलं. त्याचा एक शब्द पुरे होता. नाथाजीनं कोटाचं बटण लावलं आणि आण्णांना सांगितलं की झाल्या गोष्टीचं मलाही वाईट वाटतं, माणूस जुना ओळखीचा म्हणून मी विश्वासानं काम दिलं होतं.

बाहेर एसटी स्टँडवर जाफरनं त्याला गाठलं. तेव्हा सगळं कळलं. माधवनगरला एका गिरणीवाल्याच्या पुतण्यानं नाथाजीला कारखान्यासाठी जागा दिली होती. महिन्याला वीस बंदुका हव्या होत्या. शिसव परवडत नव्हती आणि जाफर महिन्याला चारच्या वर दस्ते करत नव्हता. फर्मा एका दिवसात उतरवून घेतला होता.

जाफर भांडला नाही. फर्मा नेलास ते नेलास, म्हणाला, पण तिथं माझं नाव का घेतलंस.

नाथाजी म्हणाला, "तुजं काय जाणार हुतं रं? तुजं नाव कुणाला ठावं हाय? तू उद्या खाटा-बाजा करशील, दारं करशील. माजं नाव गेलं तर माज्यापाशी ऱ्हातंय काय?"

"आंबा मोडतुया, हे तुला ठावं हुतं," जाफर म्हणाला. "मीच सांगितलं हुतं तुला. कुणाचं तरी बोट जाणार, हे बी तुला ठावं हुतं."

नाथाजीची बस लागली. तो लंगडत चढला आणि पलीकडच्या खिडकीशी बसला.

आण्णांनी साताऱ्याच्या वर्गाला कळवलं. तिथल्या वर्गवाल्यांनी जाफरच्या दस्त्यांच्या सहाही बंदुका, एकालाही चीर नसताना, कपाटात घातल्या. हळूहळू पेन्शनर मंडळींनीही बंदुका आणणं सोडलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. नाथाजी सुभेदारांच्या बैठकीत बसणारा, पदकवाला माणूस. त्याच्या शब्दापुढं जाफरच्या शब्दाला वजन नव्हतं. जाफर खरोखरच बाजांचे पाय आणि दारांच्या चौकटी करू लागला. जैनब म्हणायची, जाऊन सगळ्यांना सांगा तरी. तो म्हणायचा, कितीजणांना पेचकस दाखवत फिरू?

त्याला जिव्हारी लागलं होतं ते निराळंच. नाथाजी म्हणाला ते खरंच होतं. जाफरचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या एका माणसाला ठाऊक होतं, त्यानंच ते असं वापरलं होतं.

सहासष्टच्या माघात दुकानाच्या पायरीवर विजयमाला उभी राहिली. बरोबर तिचे वडील, त्यांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. जाफर हातातली पटाशी ठेवून उठला. त्याची नजर तिच्या हाताकडं गेली. पहिलं बोट काठीसारखं ताठ होतं.

तिनं सांगितलं की माधवनगरचा कारखाना बंद पडला. तिचे वडील त्याच आवारावरनं कामाला जायचे आणि आंब्याच्या फळ्या उतरताना त्यांनी डोळ्यांनी बघितल्या होत्या. हे आण्णांना सांगायला त्यांना धीर झाला नव्हता, कारण जागा त्यांच्याच गिरणीच्या मालकाच्या घरची. वडील खाली मान घालून ऐकत होते.

"तुमी पट्टी खोलून दावली तवा कुणीच नीट बघितलं न्हाई, चाचा," विजयमाला म्हणाली. "मी बघितलं हुतं. मला डाव्या खांद्याचा दस्ता करून द्या. चाप डाव्या हातानं वडीन."

गोणपाटात नाथाजीच्या हातची नळी, दांडी आणि पंप होता, वर्गानं टाकून दिलेला. जाफरनं ते घासून पुसून बघितलं. दांडीच्या सांध्यात केसाएवढीही फट नव्हती. पंपाचा दट्ट्या लोण्यासारखा सरकत होता. लोखंडात नाथाजीनं काडीची कसर ठेवली नव्हती. जाफर ते मांडीवर घेऊन बसला आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. असा हात असलेल्या माणसाला आंबा कसा चालला, हे त्याला कळेना.

त्यानं तिच्या हाताची, खांद्याची, मानेची मापं घेतली. गालाचा टेकू दुसऱ्या अंगाला काढला. उजवा हात आता दांडी रेटणार होता, तर ताठ बोट मधे येऊ नये म्हणून मुठीला एका बाजूनं खाच दिली. शिसवीचा ठोकळा निवडायला त्याला आठवडा लागला. जवसाचं तेल पाजून त्यानं दस्ता उन्हात ठेवला आणि देण्याआधी स्वतः पाचशे वेळा दांडी दाबली.

त्या वर्षी सांगलीच्या स्पर्धेत विजयमाला मुलींत दुसरी आली. बक्षीस घेताना तिनं दस्ता कुणाचा ते मोठ्यानं सांगितलं. नंतर आण्णा शेट्यांचं कार्ड आलं. आपली चूक झाली, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं, आणि वर्गासाठी आणखी दस्ते करून द्याल का, असं विचारलं होतं. जाफरनं ते काम घेतलं. महिन्याला चार, त्याहून जास्त नाही. साताऱ्याच्या वर्गानंही कपाट उघडलं. पेन्शनर परत यायला लागले, पण ते बाकावर बसून गप्पा मारत तेव्हा जाफर आता नुसता हूं म्हणायचा.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात नाथाजी आला. मधली वर्षं तो मुंबईला एका गोदामावर पहारेकरी होता. केस पिकलेले, कोट नव्हता. जाफरनं त्याला बाक दिला, जैनबनं चहा आणला. माणमधल्या दुष्काळाचं बोलणं झालं, मेंढरं विकली त्याचं झालं. नाथाजीनं दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा रिकामी कपबशी उचलून पुन्हा खाली ठेवली. जाफर रंधा मारत राहिला. तासाभरानं नाथाजी उठला आणि "येतो गड्या" म्हणून पायऱ्या उतरला.

जैनबनं विचारलं, काय म्हणत होते?

"झालं गेलं मी इसरलो, एवढं ऐकायला आला हुता," जाफर म्हणाला. "मला म्हणवलं न्हाई."

तो दारापर्यंत गेला. नाथाजी पेठेच्या वळणावर पोचला होता. जाफरनं हाक मारली नाही. तो वळून दिसेनासा होईपर्यंत मात्र तिथंच उभा राहिला.