सगळ्यात लहान दिवसाच्या बाई

"थांबला. आता वळेल," असं म्हणून बाई काचेवरच्या लेबलावर अंगठा दाबून धरायच्या. रक्त काढल्यावर कापूस दाबून धरतात, तसा.

कुवेतमधल्या हवल्लीतल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये आम्ही दोघींनी अकरा वर्षं एकत्र काढली. मी लॅबची प्रमुख. त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, तरी मला ताई म्हणायच्या. मी त्यांना बाई म्हणायचे आणि मग सगळेच म्हणू लागले. ऑक्टोबर लागला की दर गुरुवारी सकाळी त्या मायक्रोस्कोपवरून उठत, पूर्वेच्या खिडकीसमोर एका ठरलेल्या फरशीवर उभ्या राहत आणि समोरच्या इमारतींवर सूर्य जिथे डोकं काढेल त्या जागी काचेवर एक लहान गोल लेबल चिकटवत. लेबलं दर आठवड्याला थोडी थोडी उजवीकडे, दक्षिणेला सरकत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती एकमेकांवर चढू लागत. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. बाईंचा सण तो.

परभणीच्या शाळामास्तरांची मुलगी पेगन, म्हणजे ख्रिस्ताच्याही आधीचे निसर्गाचे सण पाळणारी, कशी झाली, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. कुवेतला आल्यावर पहिली तीन वर्षं त्या सालमियात एका वेल्श नर्ससोबत फ्लॅटमध्ये राहिल्या. ती नर्स तिकडचे जुने, ऋतूंचे सण पाळायची, एकटीच. बाईही एकट्याच होत्या. पुढे नर्स मायदेशी गेली, सण बाईंकडे राहिले. "देव लागत नाही मला, ताई," त्या म्हणायच्या. "ऋतू पुरतात."

हळदीकुंकवाला एकदा एका वहिनींनी त्यांना सरळच विचारलं, म्हणजे तुम्ही ख्रिश्चन झालात का हो? "नाही. त्यांच्याही आधीची," बाई म्हणाल्या आणि वाटीतला हलवा तोंडात टाकला. मग तुमचा सण म्हणजे आपली संक्रांतच की, अशी त्या वहिनींनी समजूत काढली. बाईंना ते मान्य नव्हतं. संक्रांत तीन आठवडे उशिरा येते, सूर्य काही पंचांग बघून वळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की वहिनी घरी जाऊन कॅलेंडर बघत बसल्या.

त्यांचा सण मी एकदाच पाहिला. संध्याकाळी लॅबमधूनच त्यांच्याबरोबर घरी गेले. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत घरात दिवा लावायचा नाही, हा नियम. टेबलावर लवंगा टोचलेलं संत्रं. खरं तर मोठा ओंडका जाळायचा असतो, पण चौथ्या मजल्यावर ओंडका कुठून जाळणार? म्हणून बाईंनी बाजारातून बुखूर, म्हणजे इथला सुगंधी धूप, जाळायचं भांडं आणलं होतं. त्यातल्या निखाऱ्यावर त्या बोरीच्या लाकडाचा बोटभर तुकडा ठेवायच्या आणि अर्धा जळला की काढून पुढच्या वर्षासाठी जपायच्या. मला ते सगळं जरा धोक्याचं वाटत होतं. इथे जादूटोण्याचा नुसता संशयही महागात पडतो. तेवढ्यात धुराचा वास घेत इमारतीचा इजिप्शियन रखवालदार वर आलाच. बाईंनी त्याला भांडं दाखवलं. त्याने डोळे मिटून वास घेतला, कुठल्या दुकानातलं बुखूर म्हणून विचारलं, आणि समाधानाने खाली गेला.

मग अंधारात बसून एक गोष्ट सोडायची आणि एक मागायची. काय मागितलंत, मी विचारलं.

"डोळे," बाई म्हणाल्या. जेवताना मीठ मागावं तशा.

तेव्हा मला कळलं. त्यांच्या नजरेच्या कडा बरीच वर्षं विझत चालल्या होत्या. त्यावर औषध नव्हतं. उघड्या राहिलेल्या ड्रॉवरला गुडघा लागणं, समोरून येणाऱ्याला धडकणं, हे मी बाईंचा वेंधळेपणा समजत होते. त्या मात्र हसत होत्या. "माझं काम नळीतूनच बघायचं आहे, ताई. कडा कशाला पाहिजेत?"

मी व्यवहारी बाई आहे. दुसऱ्या दिवसापासून दोन महिने त्यांची प्रत्येक स्लाइड मी स्वतः परत पाहिली. एकही चूक नव्हती. म्हणून थांबले. परत पाहणं थांबवलं ते मी, बाईंनी नाही, हे इथेच लिहून ठेवते.

घरी परत का जात नाही, असं मी एकदाच विचारलं होतं. तिकडे भाऊ होता, त्याचं घर होतं, खोलीही होती. "इथे मी टेक्निशियन आहे," बाई म्हणाल्या. "तिकडे नुसती आत्या."

गेल्या डिसेंबरात सगळ्यात लहान दिवशी सकाळी दाट धुकं होतं. हिवाळ्यात कधी कधी असं पडतं, रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवेसुद्धा दिसत नाहीत. समोरच्या इमारती पुसून टाकल्यासारख्या झाल्या होत्या. मी रक्ताच्या ट्यूब लावत होते. बाई उठल्या, फरशीवर उभ्या राहिल्या, बोटांनी काच चाचपली, आणि आधीच्या लेबलावर नेमकं नवं लेबल चिकटवलं.

"थांबला. आता वळेल."

"दिसला का?" मी विचारलं.

"दिसला की. आजपासून दिवस मोठा व्हायलाय."

मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर राखाडी भिंत होती. हातातल्या ट्यूब मी स्टँडमध्ये ठेवल्या आणि त्यांच्या टेबलावरची आठवडाभराची नोंदवही उचलली.

काम असं असतं. मशीनने एखाद्या रक्ताबद्दल शंका दाखवली की स्लाइड करून शंभर पांढऱ्या पेशी डोळ्यांनी मोजायच्या, कुठल्या प्रकारच्या किती ते लिहायचं. माणसागणिक आकडे बदलतात. बाईंच्या वहीत साठ, तीस, सहा, चार होतं. खाली एकसष्ट, तीस, पाच, चार. त्याखाली परत साठ, तीस, सहा, चार. पानामागून पान, निरोगी माणसाचे पुस्तकातले आकडे.

मी स्लाइडचा ट्रे घेतला आणि माझ्या मायक्रोस्कोपवर बसले. पाचवी स्लाइड एका टँकर ड्रायव्हरची होती, तेलंगणच्या. रिपोर्ट दोन दिवसांपूर्वी गेला होता, सगळं ठीक म्हणून. काचेवर मोठ्या, कच्च्या पेशींची गर्दी होती. रक्ताचा कॅन्सर ओळखायला मला अर्धा मिनिटही लागला नाही.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "मधलंही धूसर झालंय. पण थांबलंय, ताई. डॉक्टर म्हणाले, दोन तपासण्यांत फरक नाही. थांबलं म्हणजे वळतं. एक महिना द्या मला."

"एका महिन्यात काय होणार आहे?"

त्यांनी माझ्या ॲप्रनचा खिसा पकडला. इतका घट्ट की आतल्या पेनाचं टोपण मला टोचलं. "तुम्ही परत बघा माझ्या स्लाइडा. सगळ्या बघा. मी रात्रपाळ्या करते, नळ्या धुते, काहीही करते. मला फक्त इथं बसू द्या, ताई."

माझा आवाज चढला नाही. मी म्हणाले, त्या माणसाला आधी फोन करायचा आहे, खिसा सोडा.

तो फोन उचलत नव्हता. दुपारपर्यंत मी वीसेक वेळा लावला. बाई शेजारी उभ्या राहून प्रत्येक घंटा ऐकत होत्या. तो दुसऱ्या दिवशी सापडला. सरकारी रुग्णालयात गेला आणि आठवड्याभरात उपचारांसाठी आपल्या देशी निघून गेला. त्याच्या कंपनीने एवढंच सांगितलं. दिवाळीपासूनच्या उरलेल्या स्लाइड मी घरच्यांशी फारसं न बोलता पंधरा दिवसांत परत वाचल्या. बाकी कुठल्या स्लाइडमध्ये गंभीर काही निसटलेलं नव्हतं.

वरच्यांना मीच सांगितलं. बाईंना रिसेप्शनला बसवा, नमुन्यांना लेबलं लावू द्या, अशी विनंतीही केली. व्हिसा टेक्निशियनचा आहे, दुसरं काम देता येणार नाही, असं उत्तर आलं. ते मला माहीत होतं, तरी विचारलं. शेवटच्या तीन आठवड्यांत बाई रोज सहाला येत, ॲप्रन घालत आणि झाकण घातलेल्या मायक्रोस्कोपसमोर बसून राहत. जा घरी, असं त्यांना म्हणायला कोणालाच जमलं नाही. नोकरी सोडण्याच्या कागदांवर कुठे सही करायची ते मी त्यांचं बोट धरून दाखवलं. विमानतळावर त्यांनी व्हीलचेअर नाकारली आणि पुढच्या माणसाच्या ट्रॉलीच्या आवाजामागे चालत आत गेल्या.

परभणीहून फोन यायचा, तो भाच्याने लावून दिलेला. मी प्रकृती विचारायचे. त्यांचा एकच प्रश्न असायचा: तो ड्रायव्हर? माहीत नाही, बाई, मी सांगायचे. दर वेळी तेच. कंपनीने त्याचा नंबर दिला नव्हता, जुना बंद होता. मग त्या "बरं" म्हणून फोन ठेवायच्या.

एप्रिलपर्यंतही त्याचा काही पत्ता लागला नव्हता, आणि बाईंचा आवाज फार बारीक झाला होता. जेवत नाहीत, खोलीतून बाहेर येत नाहीत, असं आधी भाचा म्हणाला. मग बाईंनी फोन घेतला.

"ताई, तो ड्रायव्हर?"

"बरा आहे," मी म्हणाले. "गावी आहे. उपचार लागू पडले."

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"रिपोर्ट बघितलात तुम्ही? स्वतः?"

"बघितला."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.