झाकण शिवलेलं होल्स्टर

जपानात, असाकुसाजवळ चामड्याच्या एका छोट्या कारखान्यात मी बाइतो करते, म्हणजे तासांवर पगार मिळणारी अर्धवेळ नोकरी. काम ऐकून पुण्यातले नातेवाईक हसतात. हौशी जपानी आजोबांसाठी जुन्या अमेरिकन शेरीफच्या थाटाचे कमरपट्टे आणि होल्स्टर, म्हणजे पट्ट्यात ओवायची पिस्तुलाची चामडी म्यानं! पिस्तुलं खोटी, ऐट मात्र अस्सल. ओलं चामडं नकली पिस्तुलावर दाबून बसवायचं आणि वाळू द्यायचं. नंतर पिस्तूल काढून घेतलं तरी आकार चामड्यात राहतो. त्या रिकाम्या फुगवट्याकडे बघायला मला आवडत नाही.

मागच्या वर्षी बाबा आमच्याकडे ओजिमाला राहायला आले. निवृत्त फौजदार, ऐंशीला टेकलेले, आणि विसराळूपणा आता हाताबाहेर गेलेला. स्टेशनजवळच्या चौकीतल्या पोलिसाला त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. त्या बिचाऱ्यानंही गडबडून परत केला. त्याच्या कमरेचं पिस्तूल दिसलं तसा बाबांचा हात स्वतःच्या कमरेवर गेला आणि चेहरा पांढराफटक पडला.

"माझं कुठंय? पोरी, नोकरी जाईल माझी!"

तेव्हापासून रोज शोधाशोध. उशीखाली, फ्रिजमध्ये, वेगळ्या करून ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशव्यांत. त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. मी समजावून थकले, एकदा चिडून ओरडलेही. शेवटी कारखान्यातून चामड्याचे उरलेले तुकडे आणले, लाकडाचा ठोकळा पिस्तुलासारखा तासला, त्याच्यावर होल्स्टर बेतलं आणि झाकण पक्कं शिवून टाकलं. दुपारी ते त्यांच्या पट्ट्यात ओवलं.

बाबांनी चाचपून पाहिलं. मग माझं मनगट घट्ट धरलं.

"भरलेलं आहे?"

"आहे, बाबा."

"सगळ्या गोळ्या आहेत?"

मी शाळेत असताना एका दंगलीत बाबांनी एकच गोळी झाडली होती. कॉलेजातला एक मुलगा जागीच मेला. चौकशीत बाबा निर्दोष ठरले आणि घरात तो विषय कायमचा बंद झाला. पण त्या मुलाची आई एकदा आमच्या फाटकाशी येऊन नुसती उभी राहिली होती. ती बाई मला अजून दिसते. इथंसुद्धा दिसते.

"सगळ्या आहेत," मी म्हणाले.

"म्हणजे मी झाडलीच नाही?"

"नाही, बाबा."

ते ढसाढसा रडले. कितीतरी दिवसांनी वरणभात मागून घेतला. दोन घास खाऊन थांबले.

"मग तो पोरगा गेला ना घरी?"

"गेला, बाबा."