सुनंदाताईंच्या पाठीमागे

कुडाळला घरी बसून मी नाशिकच्या एका वृद्धाश्रमाचं ऑफिसचं काम बघते. मावशींच्या ड्युट्या लावायच्या, औषधं मागवायची. आज सकाळी तिथल्या सुनंदाताई व्हिडिओ कॉलवर उद्या रजेवर कोण ते सांगत होत्या. त्यांच्या पाठीमागे, पाय मोडल्यापासून खुर्ची न सोडलेले तिथले एक आजोबा चक्क खिडकीचे गज धरून उभे राहत होते!

"ताई, मागे बघा!" मी ओरडलेच.

"अगं बाई! आजोबा!"

इतके दिवस वाटायचं, एवढ्या लांबून मला काय दिसणार, कपाळ! पण जवळच्यांची जिकडे पाठ होती, तिकडेच माझं तोंड होतं. मी टाळ्याच पिटल्या. तेव्हा आजोबांनी स्क्रीनकडे पाहिलं, एक हात गजावरून सोडवला आणि मला हलवून दाखवला.