कुशाबाईची सही

कुशाबाईला वाचता येत नाही, सही मात्र येते. आपल्याकडे साक्षर म्हणवून घ्यायला एवढं पुरतं, त्यामुळे तिला कधी कुणी टोकलं नाही. सही देखणी आहे. आधी अक्षरं एकाशेजारी एक बसवायची, खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी, आणि सगळी आत आली की वरून लांब रेघ ओढायची. ही रेघ ओढताना ती श्वास धरते. घरावर आढं चढवताना धरतात तसा.

ही सही तिला साधनाताईंनी शिकवली, जीपच्या बॉनेटवर, औषधाच्या रिकाम्या खोक्यावर. साधनाताई तालुक्याला ऑफिस असलेल्या एका ट्रस्टच्या. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भातखाचरं संपून हिरड्याची झाडं लागतात तिथल्या वाड्यांतून मोतीबिंदूची माणसं गोळा करायची, शिबिराला न्यायची, ऑपरेशन करून घरी आणून सोडायची, हे त्यांचं काम. सगळं मोफत. मोफत म्हटल्यावर वाडीला संशय आला. डोळा काढून बकऱ्याचा बसवतात, अशी पक्की बातमी होती. पहिल्या वर्षी जीप रिकामी आली आणि रिकामीच गेली.

दुसऱ्या वर्षी कुशाबाईच्या सासूनं मीठ समजून आमटीत खडीसाखर टाकली आणि ती सुनेला घेऊन जीपमध्ये बसली. दवाखान्यात नर्स म्हणाली, दागिने काढा. म्हातारी टेबलावरून खाली उतरली. "जलमात धन्याबिगर कुणाच्या हातात डोरलं दिलं न्हाई, आन ह्या पोरीला देऊ?" शेवटी कुशाबाईनं डोरलं आणि जोडवी आपल्या पदराला गाठ मारून बांधली आणि ऑपरेशनच्या दारातच बसून राहिली. पट्टी सुटल्यावर म्हातारीनं आधी गाठ तपासली, मग सुनेचं तोंड. म्हणाली, "लई काळी पडलीस गं."

तेव्हापासून सतरा वर्षं वाडी कुशाबाईच्या पदराला बांधून ऑपरेशनला गेली. जीपमध्ये जो पहिला चढेल त्याची गाठ उजवीकडून पहिली. डोरली, जोडवी, फुल्या, एकदा एका म्हाताऱ्याची कवळी. एकही गाठ कधी चुकली नाही. आणि गाठीबरोबर सही. कागदावर साक्षीदाराची जागा असे. साक्षीदार सही करणारा असला की कागद वाचून दाखवायची गरज उरत नसे, त्यानं तो समजावलाय असं धरलं जाई. लोकही खूश. "कुशानं केली का सही? मंग घ्या माझा अंगठा."

लंकाबाई मात्र पाच वर्षं ऐकत नव्हती. लंकाबाई तिची चुलत जाऊ, गेणभाऊची बायको. दोन्ही डोळ्यांत मोती, तरी हिरडा वाळत घालताना खडा वेचायची ती बोटांनी.

"आन न्हाई दिसलं तर?" ती विचारायची.

"तर माझ्या डोळ्यानं बघ."

"तुझ्या डोळ्यानं तुला तरी धड दिसतं का? परवा माझी शेळी आपली म्हनून बांधून घेतलीस."

"बांधून घेतली, पन दूध काढलं न्हाई ना? चल मुकाट्यानं."

गेल्या मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर, लंकाबाई निघाली. जीपमध्ये अकरा जण. कागद यंदा गुळगुळीत होता आणि पाठपोट छापलेला. कुशाबाईनं उलटसुलट करून पाहिला. साधनाताई घाईत होत्या. "तोच आहे मावशी, फक्त नव्यानं छापलाय." कुशाबाईनं अकरा वेळा श्वास धरला.

ऑपरेशनं नीट झाली. तिसऱ्या दिवशी जीप तपासायला येते, अशी रीत. त्या तिसऱ्या दिवशी आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी लंकाबाईचा डोळा लाल झाला आणि दुपारपर्यंत ती भिंतीला डोकं टेकून कण्हू लागली. कुशाबाईनं टेकाडावर रेंज शोधून फोन लावला.

"उद्या येते मावशी," साधनाताई म्हणाल्या. "ड्रॉप चालू ठेवा."

ड्रॉप कुशाबाई स्वतःच घालत होती, दिवसातून चार वेळा, हात साबणानं धुऊन.

गेणभाऊ म्हणाला, "सकाळच्या ष्टीनं नेतो मी."

"ष्टीत धुरळा किती! ताई म्हनल्यात येते. सतरा वर्सांत त्यांचा शबूद पडला न्हाई."

वाडी कुशाबाईच्या शब्दावर जाते आणि कुशाबाई ताईंच्या. ताई कुणाच्या शब्दावर जातात, हे विचारायची वेळ आजवर आली नव्हती. उद्याचा परवा झाला. सहाव्या दिवशी गेणभाऊनं कुणालाच न विचारता बायकोला एसटीत घातलं. कुशाबाई मागून चढली. पुण्याच्या डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "दोन दिवस आधी का नाही आणलंत?" गेणभाऊनं कुशाबाईकडे पाहिलं. उत्तर तिच्यावर सोडून तो बाहेर जाऊन बसला. डोळा गेला.

महिन्याभरानं कुशाबाईला ट्रस्टच्या ऑफिसात बोलावणं आलं. एरवी स्टीलच्या पेल्यात मिळणारा चहा त्या दिवशी कपबशीत आला. तिथंच तिला शंका यायला हवी होती. साधनाताईंनी कागद पुढं ठेवला आणि पाठची बाजू वाचली. चौथा मुद्दा : ऑपरेशननंतरच्या तपासण्यांसाठी रुग्णास वेळेवर रुग्णालयात आणण्याची जबाबदारी साक्षीदाराची राहील.

"खाली तुमची सही आहे मावशी."

"तुमीच शिकिवली."

"यात माझं काही नाही हो. मंडळाचा निर्णय आहे. गाडी आता जुन्नरला, डिंगोऱ्याच्या बाजूला असते. तिकडं यंदा पाचशे डोळे करायचेत. मग वर उत्तर द्यावं लागतं ना, हा डोळा का गेला म्हणून. साक्षीदाराकडून हयगय झाली, एवढंच लिहिलंय. कागदापुरतं. तुम्हाला कोणी काही करणार नाही."

"फोनवर तुमी येते म्हनला व्हता."

साधनाताईंनी बशीतली बिस्किटं पुढं सरकवली. "फोनवरचं कुठं लिहिलेलं असतं, मावशी?"

कुशाबाईनं बिस्किट घेतलं नाही. सतरा वर्षांतली तिची ती पहिली हयगय.

वाडीत गेणभाऊनं बोलणं टाकलं. लंकाबाई बोलली, ते त्याहून वाईट. ओट्यावर बसून, उरलेला अंधुक डोळा कुशाबाईवर रोखत ती शांतपणे म्हणाली, "डोरलं दिलंस, जोडवी दिलीस. डोळा तेवढा तुझ्या गाठीतच ऱ्हायला गं."

कुशाबाईनं पदर झटकूनही पाहिला नाही.

होळीच्या आधी जीप पुन्हा आली. वाडीतले आठ जण देवळाच्या ओट्यावर येऊन बसले होते, कारण रुसवेफुगवे डोळसांचे असतात, मोतीबिंदू थांबत नाही. सकाळपासून जो तो विचारत होता, "कुशा, जायाचं का?" ती म्हणत होती, "गाडी यिऊ द्या." लंकाबाई आणि गेणभाऊही येऊन बसले. जायला नाही, बघायला.

साधनाताईंनी नेहमीसारखा कागद आणि पेन पुढं केलं. कुशाबाईनं डावा अंगठा पुढं केला.

"हे काय मावशी? सही करा."

"सही येत न्हाई मला."

"चेष्टा करू नका. मीच शिकवली तुम्हाला."

"इसरले. वय झालं. अंगठा घ्या, आन अंगठ्यावाल्याला वाचून दावायचं असतंय, तसं वाचा."

सतरा वर्षं कागदांच्या शेजारी बसून तिला एवढा एक नियम पाठ झाला होता. साधनाताईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिला मुद्दा खणखणीत झाला. दुसरा जरा भरभर. तिसऱ्याला आवाज खाली आला आणि चौथ्याला त्यांना खोकला आला.

"मोठ्यानं, ताई," गेणभाऊ म्हणाला. "मागं ऐकू येत न्हाई."

त्यांनी वाचलं. मग जीपकडं तोंड करून बसलेला म्हातारा भगवंत म्हणाला, "म्हंजी मागारी बघायला गाडी येनार न्हाई. आन बिघडलं तर कुशाच्या माथी."

"तसं नाही हो बाबा..."

"तुमीच वाचलं की आत्ता."

कुशाबाई म्हणाली, "तेवढं चौथं खोडा आन शेजारी तुमची सही करा. मंग माझीबी मला आठवंल."

साधनाताईंचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. "मला तो अधिकार नाही, मावशी."

"मंग मला कुठनं आला व्हता?"

पाच जण उठले आणि एकमेकांच्या काठीचा अंदाज घेत घरी गेले. तिघं बसून राहिले. त्यांना धरून नेल्याशिवाय घरीही जाता येत नव्हतं. साळुबाई त्यातली. तिनं बसल्या बसल्या जोडवी काढली आणि हात पुढं केला, कुशाबाई असायला हवी होती त्या दिशेला, दोन हात चुकून. कुशाबाई उठून त्या हाताखाली जाऊन उभी राहिली. जोडवी घेतली. पदराला गाठ मारली, उजवीकडून पहिली.

"मग साक्षीदार म्हणून नाव कोणाचं लिहू?" साधनाताईंनी कागदाकडं पाहतच विचारलं.

"माझं लिवा," ओट्यावरून लंकाबाई म्हणाली. "मी बघितलंय समदं."

साधनाताईंनी ते लिहिलं नाही. जागा कोरीच राहिली आणि जीप सुरू झाली. कुशाबाई तिघांच्या मागोमाग आत चढली. दार लावता लावता तिनं बाहेर पाहिलं. गेणभाऊ जवळ आला होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"ह्यास्नी सोडल्यावर तिसऱ्या दिशी ष्टी लागंल," ती म्हणाली. "चार शिटा."

"सकाळी साडेसहाची हाय," गेणभाऊ म्हणाला. "थांबवून धरतो मी."