इंजिन थांबताना

ह्यांची नोकरी मुंबईला विमानांच्या इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये होती आणि मी रोह्याजवळ निडीला, सासूबाईंजवळ. लग्न ठरलं तेव्हा पेणला माझ्या आईने साऱ्या आळीला सांगितलं होतं की जावई विमानावर आहे. जावई विमानात कधी बसलाच नव्हता. पण त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय तिथलं इंजिन विमानावर चढत नव्हतं, हेही खरंच होतं.

जेट इंजिनं तेव्हा नवी होती. जुनी इंजिनं कुरकुरायची पण माणसाच्या चुका पोटात घालायची, जेट घालत नाही, असं हे म्हणत. दुरुस्त केलेलं इंजिन आधी जमिनीवरच बांधून पूर्ण जोराने चालवायचं आणि मग बंद करायचं. बंद केल्यावरही आतली पाती बराच वेळ फिरत राहतात. तेव्हा मागच्या तोंडाशी उभं राहून ऐकायचं. नुसती सळसळ येऊन विरली तर ठीक. मध्येच बारीक खरखर आली तर पातं कुठेतरी घासतंय, इंजिन परत खोलायचं. ते ऐकायचं काम ह्यांचं. नवी नवरी होते तेव्हा त्यांनी मला हे सगळं जातं फिरवून समजावलं होतं, आणि पीठ सांडलं म्हणून सासूबाई आम्हा दोघांवर रागावल्या होत्या.

त्याच जातीची इंजिनं प्रवासी विमानांना होती आणि हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांनाही. लढाईची चिन्हं दिसू लागली तशी हवाई दलाची काही इंजिनंही ह्यांच्या वर्कशॉपला येऊ लागली. आणि तसल्याच एका विमानात, वैमानिकाच्या मागे नकाशे घेऊन, माझा धाकटा भाऊ बसत होता. नवरा इंजिन पारखतो आणि भाऊ त्यावर उडतो, अशी फुशारकी मी रोह्याच्या बाजारातसुद्धा मारली आहे.

हे सुट्टीवर आले की मी मागीलदारातून हाका मारायची आणि हे ओटीवर ढिम्म. नवऱ्याने बायकोचं ऐकलं नाही यात नवल ते काय, म्हणून मी सोडून देत असे. एके सकाळी त्यांच्या पाठीमागच्या फळीवर गजराचं घड्याळ वाजत सुटलं. सासूबाई आतून ओरडल्या, "बंद कर गो ते!" हे दाढी करत होते. हात जराही थांबला नाही. घड्याळ बंद करायला गेलेली मी त्यांना आरशात दिसले, तेव्हा कुठे त्यांनी वळून पाहिलं.

"कधीपासून?" मी समोर जाऊन विचारलं.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "कानात सारखी शिट्टी वाजते. कापूस घालतो, पण जेटपुढे कापूस काय करणार?"

"मग इंजिन कसं ऐकता?"

"हात लावला की कळतं."

"सगळं कळतं?"

ते वस्तरा पुसू लागले.

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं तर स्टोअरला बसवतील. कापूस वाटायला." आणि हसले. मला हसू आलं नाही, उलट त्या माणसाची भीती वाटली. त्यानंतर डोक्यावरून विमान गेलं की हातातलं काम टाकून ते दिसेनासं होईपर्यंत मी बघत बसायची.

भाऊ रजेवर आला तेव्हा आम्ही दोघं पेणला गेलो. आईने वालाचं बिरडं केलं होतं. भाऊ ह्यांच्या शेजारीच जेवायला बसला होता. इंजिन सुरू करायला काडतूस कसं उडवतात, धूर केवढा होतो, असं सांगता सांगता म्हणाला, "भावोजी, तुमच्याकडचं इंजिन आलंय आमच्या विमानाला. मी सगळ्यांना सांगतो, हे घरचं हाय."

ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. भाऊ थांबला आणि त्याने तेच पुन्हा सांगितलं. हे भात कालवत राहिले.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"काय गो बोलतेस?" आई म्हणाली.

भावाचा घास हातातच राहिला. त्याने ह्यांच्या दंडाला हात लावला, तोंडासमोर तोंड आणलं आणि सावकाश विचारलं, "इंजिन थांबताना कोण ऐकतं, भावोजी?"

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी."

त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी परवा जातोय," आणि ताटावरून उठला.

हे निडीला आलेच नाहीत, पेणहूनच मुंबईची एसटी धरली आणि साहेबांना सगळं सांगितलं. त्यांना स्टोअरला बसवलं. त्यांनी पास केलेली इंजिनं पुन्हा चालवून ऐकायची असं ठरलं, आणि ते काम त्यांच्या कामावरच्या, खांब गावच्या जोडीदाराकडे आलं. दोघं पहिल्यापासून एकाच पाळीत होते. हवाई दलाच्या तळावरसुद्धा त्यालाच पाठवलं. पुढे सुट्टीवर आले तरी महिनाभर हे माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मला त्याचं फार वाटलं नाही.

लढाई सुरू झाली. भावाचं पत्र येणं बंद झालं. अशात एका संध्याकाळी ह्यांच्याबरोबर तो जोडीदारही निडीला आला. मी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"वहिनी, तुमच्या भावाचं इंजिन मी स्वतः ऐकलंय," तो म्हणाला. "कायसुद्धा घासत नाय. एकदम स्वच्छ."

माझे डोळे भरून आले. सासूबाईंनी आत देवापुढे साखर ठेवली.

तेवढ्यात रेडिओवर बातम्या लागल्या. आवाज चांगला खणखणीत होता, आत चुलीपाशीही ऐकू गेला असता. आपल्या विमानांनी हल्ला केल्याचं सांगत होते.

"बॅटरी उतरली काय?" म्हणत जोडीदार पुढे वाकला, आणि त्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

सासूबाई कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. हे माझ्याकडे बघत होते. आता त्यांनाही शब्दन् शब्द ऐकू येत होता.